अर्धशिशी, उजेड आणि अंधारी खोली : औषधाविना उपचारांचा एक इतिहास



ज्या शाळेच्या बाकावर बसून बाराखडी गिरवली, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून आणि तेही आपल्या गुरूंच्या स्मृतिदिनी बोलण्याचा योग यावा, हे मी माझे भाग्य समजतो. संयोजकांनी निमंत्रण दिले तेव्हा संतसाहित्यावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. मराठीच्या प्राध्यापकाकडून ती असणे स्वाभाविकच आहे. परंतु सरांचे नाव उच्चारताच मला कोणताही ग्रंथ आठवत नाही. आठवते ती एक बंद केलेली खिडकी आणि एक शंभर पानी वही. म्हणून आज मी आपल्यापुढे डोकेदुखीचा इतिहास मांडणार आहे. आपण हसलात तरी हरकत नाही. अर्धशिशीच्या माणसाला हसण्याची सवय असते.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करतो. मी वैद्य नाही, डॉक्टरही नाही. गेली साठ वर्षे हे दुखणे वागवणारा आणि त्याविषयी हाती लागेल ते वाचणारा एक माणूस, एवढाच माझा अधिकार. मी इतिहास सांगेन. उपचार आपण आपल्या डॉक्टरांनाच विचारावा.

१. सूर्यपुरातील मुलगा

आपले शहर सूर्याचे. तापी ही सूर्याची कन्या, अशी पुराणांतली कथा आहे आणि सुरतेचे जुने नाव सूर्यपूर, अशी परंपरा सांगते. अशा शहरात ज्याला उजेड सोसत नाही असा मुलगा जन्माला यावा, हा दैवाचा विनोदच म्हणायचा.

आमचे घर मूळचे खानदेशातले. वडील जरीच्या एका कारखान्यात हिशेब लिहीत. आईचे डोके पंधरा-वीस दिवसांनी एकदा दुखे. ती कपाळाला फडके करकचून आवळी, माजघरातील सगळ्यांत काळोख्या कोपऱ्यात चटई टाकी आणि भिंतीकडे तोंड करून पडून राही. त्या दिवशी भांड्याचा आवाज, फोडणीचा वास, दाराच्या फटीतून येणारी उन्हाची तिरीप, काहीच तिला चालत नसे. घरातील वडीलधाऱ्या बायका आपसांत म्हणत, "हिचं डोकं नेमकं सणावारीच कसं दुखतं?" आई ते ऐके, पण उत्तर देत नसे. दुखणाऱ्या डोक्याने वाद घालता येत नाही, हे मला पुढे स्वानुभवाने कळले.

सण आणि डोकेदुखी यांची गाठ खरीच होती; फक्त तिचे कारण त्या बायकांना वाटे ते नव्हते. त्याविषयी पुढे बोलेन.

मला पहिला झटका आला तो इयत्ता पाचवीत. माझे बाक खिडकीशी होते. शेजारच्या छपरावरचे पत्रे दहाच्या सुमारास तापून लखलखू लागत आणि ती चकाकी फळ्यावर पडे. त्या दिवशी प्रथम फळ्यावरच्या अक्षरांचा मधलाच भाग नाहीसा झाला. मग डोळ्यांपुढे वाकडीतिकडी, थरथरणारी, चमकती रेघ उमटली आणि अर्ध्या तासाने उजव्या कानशिलात घण बसू लागले. वर्गातील एका शिक्षकांनी त्याचा अर्थ "पाढे पाठ नाहीत" असा लावला. तसे वाटण्यात त्यांचाही दोष नव्हता. या दुखण्याला ना ताप, ना सूज, ना जखम.

२. एका नावाचा प्रवास

माझ्या विषयाकडे, म्हणजे शब्दांकडे, थोडे वळू. 'अर्धशिशी' हा शब्द 'अर्ध' आणि 'शीर्ष' या दोन शब्दांतून आला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो नोंदलेला आहे. संस्कृत वैद्यकात याच दुखण्याला 'अर्धावभेदक' म्हटले आहे : अर्धे मस्तक भेदून टाकणारा. गंमत अशी की, दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलन याने वापरलेला शब्द 'हेमिक्रेनिया' हाही अगदी याच घडणीचा आहे. 'हेमि' म्हणजे अर्धे, 'क्रेनियन' म्हणजे कवटी. तो शब्द लॅटिनमधून फ्रेंचमध्ये जाताना झिजला आणि त्याचे 'मायग्रेन' झाले. आज आपण डॉक्टरांकडे जाऊन "मला अर्धशिशी नाही हो, मायग्रेन आहे" असे सांगतो, तेव्हा एकच शब्द दोनदा उच्चारीत असतो.

शरीराचा अनुभव जिथे नेमका असतो, तिथे एकमेकींना न विचारताही भाषा एकाच शब्दापाशी येऊन थांबतात. मात्र नावाने थोडी दिशाभूलही केली आहे. दुखणे नेहमी अर्ध्याच डोक्यात असते असे नाही. मुलांमध्ये तर ते बहुधा दोन्ही बाजूंना असते. म्हणून "अर्धेच दुखत नाही ना, मग अर्धशिशी नव्हे" असे म्हणून कोणा मुलाची तक्रार मोडीत काढू नये.

मराठीने या दुखण्याची बाकीची लक्षणेही जपली आहेत. उजेड 'खुपतो', डोळे 'दिपतात', डोळ्यांवर 'अंधारी येते', डोळ्यांपुढे 'काजवे चमकतात'. हे आपण केवळ वाक्प्रचार म्हणून वापरतो. १८७० साली ह्यूबर्ट एअरी या इंग्रज डॉक्टराने स्वतःला दिसणाऱ्या अशाच चमकत्या रेघांची चित्रे काढून प्रसिद्ध केली. त्या रेघा जुन्या किल्ल्याच्या कोनाकोनांच्या तटबंदीसारख्या दिसतात. पाचवीत फळ्यावर मला जो कोट दिसला होता, तो त्या चित्रांत पुन्हा भेटला तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती. आपण एकटे नव्हतो, याचा पुरावा चाळीस वर्षांनी हाती यावा, हेही या रोगाचे एक लक्षणच म्हणावे लागेल.

३. ग्रंथांतील निरीक्षण

प्राचीन वैद्यांचे मोठेपण त्यांच्या औषधांत किती होते याविषयी मतभेद होतील. त्यांच्या निरीक्षणाविषयी होऊ नयेत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पंचविसाव्या अध्यायात अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांतील अर्धावभेदकाचे वर्णन करताना दुखणे अर्ध्या मस्तकात असते, टोचल्यासारखे असते, आणि दहा दिवसांनी अथवा पंधरवड्याने अकस्मात उठते, अशा अर्थाची नोंद आहे. आईचे 'पंधरा-वीस दिवसांनी एकदा' मी ज्या दिवशी तिथे वाचले, त्या दिवशी ग्रंथ मिटून बराच वेळ बसून राहिलो.

त्याच यादीत 'सूर्यावर्त' नावाचा रोग आहे. सूर्य उगवू लागला की भुवया आणि डोळे यांत दुखू लागते, सूर्य चढेल तसे दुखणे चढते आणि तो मावळतीला लागला की ते उतरते. आजच्या शास्त्राच्या कोणत्या एका नावाशी याचा तंतोतंत मेळ घालण्याचा अट्टहास मी करणार नाही. पण दुखण्याचे घड्याळ आणि उजेडाचे घड्याळ एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याची दृष्टी त्यात आहे, हे निश्चित.

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील नवव्या अध्यायात तर कारणांची यादीच आहे : रूक्ष अन्न, जेवणावर जेवण, पूर्वेकडचा वारा, दव, मैथुन, वेग अडवून धरणे, अतिश्रम. यांतले काय खरे, काय खोटे, हा प्रश्न घटकाभर बाजूला ठेवू. महत्त्वाचे हे की, 'हे दुखणे कशाने येते?' हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर दैवात न शोधता जेवणात, झोपेत, वाऱ्यात आणि कामात शोधलेले आहे.

तिकडे ग्रीक वैद्य अरेटियस यानेही याच सुमाराच्या शतकांत लिहून ठेवले आहे की, हे रुग्ण उजेडापासून पळतात आणि काळोखात त्यांना बरे वाटते. अंधारी खोली हा जगातील बहुधा सर्वांत जुना, सर्वांत स्वस्त आणि आजही न बदललेला उपचार आहे.

४. माजघरातील उपाय

आमच्या घरात अर्धशिशीचे उपाय ठरलेले होते. सुंठ सहाणेवर उगाळून कपाळावर लेप, नाकात कोमट तुपाचे दोन थेंब, कपाळाला आवळून फडके आणि सूर्योदयापूर्वी दूध-जिलबी. शेवटचा उपाय मला फार आवडे, हे कबूल केले पाहिजे. सुश्रुताने सूर्यावर्तावर दुधाचे पदार्थ आणि तूप सुचवलेले आहे, हे पुढे वाचले तेव्हा जिलबीला आपण समजतो त्याहून मोठे कुळ आहे, असे वाटले. रात्रभर रिकाम्या असलेल्या पोटाने उन्हात जाऊ नये, एवढे शहाणपण तर त्यात नक्कीच होते.

परंतु परंपरेचे गोडवे गाताना तिचे चटके विसरू नयेत. शिरोरोगात भुवया, कपाळ आणि कानशील येथे डाग द्यावा, असे सुश्रुताच्याच सूत्रस्थानात आहे, आणि डाग देण्याची रीत आपल्या खेड्यांत परवापरवापर्यंत होती. अरब जगतातील थोर शल्यविद अबुल कासिम यानेही कानशिलावर तापल्या लोखंडाचा डाग सांगितला आहे. त्याने न भागल्यास तेथे चीर देऊन लसणाची पाकळी बसवावी, असेही सुचवले आहे. 'औषधाविना' म्हणजे आपोआप 'निरुपद्रवी', असे समजण्याचे कारण नाही. जुने ते सोने म्हणण्यापूर्वी ते कसोटीवर घासून पाहावे लागते.

५. कोसमाडा ते उरुळी कांचन

औषधाविना उपचार हा विषय सुरतेत काढायचा आणि गांधीजींचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नाही. दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींना बद्धकोष्ठाचा आणि अधूनमधून डोकेदुखीचा त्रास होत असे, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. मँचेस्टरमध्ये 'नो ब्रेकफास्ट असोसिएशन' स्थापन झाल्याचे त्यांच्या वाचनात आले. त्यांनी सकाळची न्याहारी सोडली. काही दिवस जड गेले, पण डोकेदुखी पार गेली. यावरून, आपण गरजेपेक्षा अधिक खात होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

पुढे १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी 'आरोग्यनी चावी' हे छोटे पुस्तक गुजरातीत लिहिले. त्यात मातीच्या उपचारांचे प्रकरण आहे आणि डोके दुखत असता मातीची ओली पट्टी डोक्यावर ठेवल्याने बहुतेकदा आराम पडतो, असा स्वतःचा अनुभव त्यांनी नोंदवला आहे. मार्च १९४६ मध्ये ते पुण्याजवळच्या उरुळी कांचन या खेड्यात गेले, गावकऱ्यांवर माती, पाणी, सूर्यप्रकाश आणि आहार यांनी उपचार केले आणि तेथे निसर्गोपचार आश्रमाची स्थापना झाली. गांधीजी काही दिवसांनी तेथून निघाले. मागे राहिले ते मणिभाई देसाई. हे मणिभाई आपल्या सुरत जिल्ह्यातील कोसमाडा गावचे. १९२० चा त्यांचा जन्म. सुरतेकडचा हा तरुण मराठी खेड्यात गेला आणि १९९३ साली मृत्यू येईपर्यंत तिथलाच होऊन राहिला. १९८२ साली त्यांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्यासारखे खानदेशातून ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरतेला आले, आणि मणिभाई सुरतेहून मराठी मुलखात गेले. गुजरात-महाराष्ट्राच्या या देवघेवीचा हिशेब कोणी मांडलाच, तर त्यात मातीची एक पट्टीही धरावी लागेल.

मातीच्या ओल्या पट्टीत गूढ काही नाही. ती थंड असते, डोळे झाकते आणि मुख्य म्हणजे ती डोक्यावर असेतो माणसाला उठता येत नाही. थंड पट्टी, बंद डोळे आणि सक्तीची विश्रांती, हे तिन्ही अर्धशिशीत आजही सांगितले जाते.

पण येथेच एक सावधगिरीही आहे. गांधीजींची डोकेदुखी न्याहारी सोडल्याने गेली. अर्धशिशीच्या असंख्य रुग्णांचे डोके न्याहारी चुकल्याने दुखू लागते. एकाचा उपाय हा दुसऱ्याचा अपाय ठरू शकतो. दुसरे असे की, औषधाविषयी एवढे कठोर मत असणाऱ्या गांधीजींनीही जानेवारी १९२४ मध्ये, येरवड्याच्या तुरुंगात असताना अपेंडिक्सचा विकार बळावला तेव्हा, पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून घेतली होती. त्या रात्री वादळात वीज गेली आणि शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात पुरी झाली, असे सांगतात. निसर्गोपचाराच्या सर्वांत मोठ्या पुरस्कर्त्याला आपल्या मताची मर्यादा कुठे आहे हे कळत होते. आपल्यालाही ते कळावे.

६. उजेडाचे कारखाने

आता पुन्हा आपल्या गावी येऊ. सुरतेचे अर्थकारण डोळ्यांवर चालते. जगातील बहुतेक हिऱ्यांना पैलू येथे पडतात. घंटीभोवती बसलेला कारागीर दिवसभर दिव्याखाली आयग्लास डोळ्याला लावून चमकणाऱ्या वस्तूकडे पाहत असतो. जरीकामात चमक, भरतकामात चमक. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली आपली हजारो माणसे मागांवर उभी राहिली, त्यांच्या डोक्यावर ट्यूबलाइटच्या रांगा आणि कानांत मागाचा खडखडाट.

ट्यूबलाइटविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तने घेते. त्यामुळे जुन्या चोकवर चालणारी नळी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण मेंदूला जाणवत असावे. १९८९ साली इंग्लंडमध्ये विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कचेरीत, कर्मचाऱ्यांना न कळवता, साध्या चोकच्या जागी अतिवेगाने चालणारी यंत्रणा बसवून पाहिली. डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण यांचे प्रमाण निम्म्यावर आले. कोणी गोळी घेतली नव्हती. फक्त दिवा बदलला होता. जिथे ट्यूबलाइटखाली 'कामचुकार' ठरलेली माणसे बसतात, तिथे हा प्रयोग मोठ्या अक्षरांत लिहून लावावा, असे मला वाटते. आज एलईडी दिवे आले आहेत. त्यांतलेही काही हलक्या प्रतीचे दिवे लुकलुकतात.

उजेडाने डोके का दुखते, याचे कोडे अलीकडेच थोडेफार सुटले. २०१० साली बोस्टनमधील नोसेडा, बर्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्धशिशी असलेल्या अंध व्यक्तींचा अभ्यास केला. ज्यांना आकार दिसत नव्हते पण उजेडाची जाणीव शिल्लक होती, त्यांचे दुखणे उजेडाने वाढत होते. ज्यांना उजेडाची जाणीवही नव्हती, त्यांचे वाढत नव्हते. म्हणजे नेत्रपटलातून उजेडाची वार्ता नेणारी एक वाट, चित्र पाहण्याच्या वाटेहून निराळी, मेंदूतील वेदनेच्या मार्गाला जाऊन मिळते. 'उजेड खुपतो' हे आईचे म्हणणे लहर नव्हती. ती शरीररचना होती. २०१६ साली याच गटाला असे आढळले की, सर्व रंगांत हिरव्या रंगाचा मंद उजेड सर्वांत कमी त्रास देतो. १९९१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये गुलाबी छटेच्या काचांचा चष्मा अर्धशिशीच्या मुलांना देऊन पाहिला, तेव्हा त्यांच्या झटक्यांची संख्या घटली होती.

मात्र अंधाराचाही अतिरेक नको, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. उन्हात काळा चष्मा जरूर वापरावा; पण घरातही दिवसभर काळा चष्मा लावून किंवा आठवडेच्या आठवडे पडदे ओढून बसले, तर डोळे काळोखाला सरावतात आणि साधा उजेडही अधिक खुपू लागतो. अंधारी खोली झटक्यापुरती. तिचे घर करू नये.

७. वही

आता त्या शंभर पानी वहीकडे येतो. "पाढे पाठ नाहीत" या प्रसंगानंतर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तसेच झाले. त्या तासाला हे सर होते, ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत. त्यांनी काही विचारले नाही. उठून खिडकी लावून घेतली, मला ग्रंथालयामागच्या जुन्या नकाशांच्या खोलीत नेले, तेथे उजेड नव्हता, आणि म्हणाले, "पड इथे. तास संपला की मी येतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी माझे बाक भिंतीकडे हलवले आणि हातात एक कोरी वही दिली. "ज्या दिवशी दुखेल त्या दिवशीची तारीख लिही. आदल्या रात्री कधी निजलास, सकाळी काय खाल्लेस, उन्हात होतास का, तेही लिही. शिक्षा नाही ही."

सर विज्ञानाचे नव्हते, वैद्यकाचे तर नव्हतेच. पण आज जगभरचे डोकेदुखीतज्ज्ञ रुग्णाला जी पहिली गोष्ट सांगतात, ती हीच : नोंदवही ठेवा. चरकाने समाजासाठी केलेली यादी प्रत्येकाने स्वतःसाठी करावी, असा तिचा अर्थ. माझ्या वहीत वर्षभरात तीन गोष्टी स्पष्ट दिसल्या : जागरण, चुकलेले जेवण आणि दहाचे ऊन. बाकी अनेक पदार्थांवर मी विनाकारण आळ घेतला होता.

मग मी आईच्या दुखण्याच्या तारखाही लिहू लागलो, आणि सणाचे कोडे उलगडले. सणाच्या आदल्या रात्री जागरण. पहाटे डोक्यावरून न्हाणे आणि ओल्या केसांनी उन्हात वाळवणाची लगबग. नैवेद्य होईपर्यंत पोटात काही नाही. दिवसभर चुलीचा धूर. संकष्टीला तर चंद्रोदयापर्यंत उपास. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली डोक्यावरून न्हाण्याने अर्धशिशी उठणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य ग्रंथांत या कारणाचा उल्लेख क्वचितच असे, कारण तिकडे गुडघ्यापर्यंतचे केस नहाणीत धुऊन तासभर ओले ठेवण्याचा प्रघात नाही. ज्यू लोकांच्या योम किप्पूरच्या उपासात उठणाऱ्या डोकेदुखीचाही अभ्यास १९९५ साली झाला आहे. उपास कोणत्या देवाचा आहे, हे डोके पाहत नाही.

तेव्हा "नेमके सणावारीच दुखते" हे त्या बायकांचे निरीक्षण अचूक होते. त्यांचा निष्कर्ष तेवढा अन्यायाचा होता. हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे तिपटीने अधिक आढळतो. तिपटीने अधिक दुखणे ज्यांच्या वाट्याला, त्यांच्याच वाट्याला उजाडण्यापूर्वी उठणे, उपाशी राहणे आणि धुरात बसणे यावे, आणि पुन्हा ढोंगाचा आरोपही त्यांच्यावरच यावा, हा आपल्या घराघरांचा न लिहिलेला इतिहास आहे.

आधुनिक शास्त्राने औषधाविना उपायांना आता कसोटीवर घासून पाहिले आहे. शिथिलीकरणाचा सराव, शरीराच्या संवेदना यंत्रावर पाहून त्या ताब्यात आणण्याची पद्धती आणि विचारांची सवय बदलणारे मानसोपचार यांची शिफारस अमेरिकेतील तज्ज्ञांनी २००० साली केली. स्वीडनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटांचा व्यायाम हा शिथिलीकरणाइतका आणि झटके टाळण्यासाठी रोज घ्यायच्या एका औषधाइतका उपयोगी ठरला. दिल्लीच्या 'एम्स'मध्ये २०२० साली असे दिसले की, औषधांच्या जोडीला योगासने केल्यास नुसत्या औषधांपेक्षा अधिक गुण येतो. 'जोडीला' हा शब्द मी मुद्दाम उच्चारला. त्या प्रयोगात औषध सोडलेले नव्हते.

८. मर्यादा आणि एक मागणी

औषधाविना उपायांचे महत्त्व एका वेगळ्या कारणानेही वाढले आहे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, आणि काही खास गोळ्या दहा किंवा अधिक दिवस, अशा महिनोन्‌महिने घेत राहिले तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. माझ्याही आयुष्यात अशी दोन वर्षे गेली. महाविद्यालयात सकाळचे तास असत. मी खिशात गोळ्यांची पाकिटे घेऊन फिरे आणि दुखण्याची भीती वाटली तरी गोळी घेई. शेवटी एका डॉक्टरांनीच गोळ्या बंद करून मला पुन्हा वही धरायला लावले.

पण याच्या उलट टोकालाही जाऊ नये. एकाएकी, क्षणात वाढलेली, आयुष्यात कधी नव्हती एवढी तीव्र डोकेदुखी. तापाबरोबर मान आखडणे. हातपाय लुळे पडणे, बोबडी वळणे. डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, यांपैकी काहीही असेल तर सुंठ उगाळत बसू नये, विनाविलंब रुग्णालय गाठावे. तद्वतच वारंवार झटके येणाऱ्याला आज चांगली प्रतिबंधक औषधे उपलब्ध आहेत. ती घेण्यात कमीपणा नाही. माझ्या आईला यांपैकी काहीच मिळाले नाही. मिळाले असते तर तिच्या आयुष्यातले कितीतरी सण तिला उजेडात पाहता आले असते.

दोन हजार वर्षांच्या या इतिहासाकडे वळून पाहताना मला दिसते ते असे. लेप बदलले, डाग गेले, सिद्धांत आले आणि मागे पडले. टिकल्या त्या तीन गोष्टी : दुखण्याची वेळ लिहून ठेवणे, जेवणाझोपेची लय न मोडणे आणि झटक्याच्या वेळी उजेडापासून आडोसा देणे. परंतु या तिन्हींच्या आधी एक चौथी गोष्ट लागते, आणि ती कोणत्याही ग्रंथात सांगितलेली नाही. दुखते असे म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवावा लागतो. माजघराचा काळोखा कोपरा आईला मिळाला होता. विश्वास मिळाला नाही. मला सरांनी दोन्ही दिले. आमच्या दोघांच्या आयुष्यांत जे अंतर पडले, ते एवढ्यानेच पडले.

म्हणून या व्याख्यानाच्या शेवटी शाळेकडे एक मागणी करतो. सरांच्या स्मरणार्थ पुतळा नको, तैलचित्रही पुरे झाले. या इमारतीत एक लहान खोली राखून ठेवावी. तिला जाड पडदा असावा, एक खाट, पाण्याचा माठ, स्वच्छ फडके आणि भिंतीला टांगलेली एक वही असावी. ज्या मुलाचे, मुलीचे किंवा शिक्षिकेचे डोके दुखत असेल, त्यांना तेथे तासभर पडू द्यावे, आणि "खरंच दुखतंय का?" हा प्रश्न त्या खोलीच्या दारात कोणी विचारू नये. एवढ्यासाठी लागणारा पडदा आणि खाट देण्याची परवानगी या जुन्या विद्यार्थ्याला मिळावी.

सूर्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावात एक खोली काळोखाची असू द्यावी. सरांनी साठ वर्षांपूर्वी लावून घेतलेल्या त्या खिडकीचे ऋण मी याहून अधिक फेडू शकत नाही.